एकावेळी एकच पाकीट

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याच जणांची विकेट काढतो. तुम्ही उद्दिष्टांत लिहिलेलं असतं, "नुकसान न होता अमुक प्रक्रिया करणे." समोरचे सर चष्मा वर करून विचारतात, "नुकसान म्हणजे नक्की काय? आणि मोजणार कसं?" झालं. आपण "म्हणजे सर, खराब होणं..." म्हणतो आणि गप्प बसतो.

या प्रश्नावर विचार करायला मला टपालाचं सॉर्टिंग मशीन फार आवडतं. पाकीट, रबरी पट्टे, पुली एवढाच मामला. बारावीचं फिजिक्स पुरतं. तरीही "नुकसान" या शब्दाची व्याख्या अपुरी राहिली तर काय होतं, हे या मशीनने एकदा फार वाईट पद्धतीने दाखवून दिलंय. तिकडे शेवटी येतो.

आधी वेगाचा अंदाज घ्या. अमेरिकेतलं बारकोड वाचून पत्रं वेगळी करणारं मशीन ताशी साधारण ३६,००० पत्रं हाताळतं. म्हणजे सेकंदाला १०. लांब पाकीट २४ सेंटिमीटरचं, दोन पाकिटांमध्ये १० सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर पट्ट्याचा वेग येतो सेकंदाला ३.४ मीटर. माणूस आरामात पळेल तेवढाच. वेग फार नाही, अडचण वेगळीच आहे. गठ्ठ्यातून दर वेळी एकच पाकीट सुटलं पाहिजे, ही.

दोन पाकिटं एकत्र गेली तर मागचं चुकीच्या गावाला जातं, नाहीतर पुढे अडकतं. आणि अडकलेल्या पाकिटावर मागून सेकंदाला १० येऊन आदळतात. पाकिटं फाटण्याची सुरुवात बहुतेक इथूनच होते.

एकेक पाकीट सोडवायची युक्ती बघा. एका बाजूला फिरणारा रबरी पट्टा, समोर एक स्थिर पॅड, मध्ये चुकून आलेली दोन पाकिटं. पट्ट्याकडचं 'अ', पॅडकडचं 'ब'. दाबणारं बल दोन्हीकडे सारखंच. आता 'ब'चं काय होतं? 'अ' त्याला पुढे ओढतं, ते कागद-कागद घर्षणामुळे. पॅड त्याला मागे धरतं, ते पॅड-कागद घर्षणामुळे. 'ब' जागेवर थांबायला हवं, म्हणून पॅडचा घर्षणांक कागद-कागद घर्षणांकापेक्षा जास्त हवा. पण मध्ये एकटंच पाकीट असेल तर ते पुढे गेलंच पाहिजे, म्हणून पट्ट्याचा घर्षणांक पॅडपेक्षाही जास्त हवा. थोडक्यात, पट्टा सगळ्यात चिकट, पॅड त्याहून कमी, कागदावर कागद सगळ्यात कमी. घरातला प्रिंटर दोन कागद एकदम ओढतो ना, तेव्हा याच साखळीतली एखादी कडी निखळलेली असते.

गंमत म्हणजे दाबणारं बल दोन्ही बाजूंनी कटून जातं. म्हणजे पाकिटं वेगळी होत नसतील तर जोरात दाबून उपयोग नाही. जोर वाढवला की पाकीट चुरगळतं, वेगळं होत नाही ते नाहीच. माझ्या मते एखाद्या शोधनिबंधात शोभेल इतकं हे सुंदर उत्तर आहे, आणि ते दोन ओळींच्या बलांच्या हिशोबातून निघतं.

घरी करून बघा. एका जाड पुस्तकावर एक पाकीट चिकटवा, वर दुसरं नुसतं ठेवा, पुस्तक हळूहळू तिरकं करा. वरचं घसरायला लागतं त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. मला साधारण २५ अंश मिळाले, म्हणजे ०.४७. मग गुळगुळीत लग्नपत्रिकेचं पाकीट घ्या, खाकी घ्या, प्लॅस्टिकची खिडकी असलेलं बँकेचं घ्या. आकडे वेगवेगळे येतील. मशीनची खरी डोकेदुखी इथे कळते. पट्टा आणि पॅड इंजिनियरच्या हातात आहेत, पाकिटाचा कागद लोकांच्या हातात. शिवाय कागदाची बारीक धूळ रबरावर बसते आणि पट्ट्याचा घर्षणांक दिवसागणिक उतरतो. म्हणून ही मशीन सतत साफ करावी लागतात. हे साफसफाईचं वाक्य लक्षात ठेवा.

सुटलेलं पाकीट पुढे दोन पट्ट्यांच्या चिमटीत धावतं. कागद ओढला तर बराच ताण सहन करतो, मागून ढकलला तर लगेच दुमडतो. म्हणून त्याला कधीच ढकलायचं नाही, एक चिमटी सुटायच्या आत पुढच्या चिमटीने पकडलं पाहिजे. दोन चिमट्यांमधलं अंतर अर्थातच सगळ्यात छोट्या पाकिटापेक्षा कमी हवं.

आता वळण. पुलीभोवती अर्धा फेरा मारताना पाकिटाची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. किती जास्त? पाय गुणिले जाडी. ६ मिलिमीटरचं जाड पाकीट असेल तर जवळपास १९ मिलिमीटर! सूत्रात पुलीची त्रिज्या नाहीच, हे बघितलंत का? पुली मोठी केली तर तेवढाच फरक जास्त लांबीवर पसरतो आणि कागदावरचा ताण कमी होतो, पण एकूण फरक तोच. आत सुटे कागद असतील तर ते एकमेकांवरून सरकून हा फरक पचवतात. आत किल्ली असेल तर? किल्ली वाकत नाही. तिची टोकं बाहेरच्या कागदावर टोचतात.

वळणातून वाचली तर थांबताना गाठते. पाकीट आपल्या कप्प्यात येऊन अडसराला टेकतं. ३.४ मीटरचा वेग ५ मिलिमीटरमध्ये शून्य झाला असं धरा. अवत्वरण येतं ११५६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ११८ पट. १० ग्रॅमची किल्ली जवळपास १.२ किलोच्या जोराने पुढच्या कडेवर आदळते, तेही एका टोकावर. कागद तिथे हार मानतो. ५ मिलिमीटर हा माझा अंदाज आहे, तुम्ही २० घालून बघा, जोर चौथाई होईल. म्हणजे अडसर मऊ करणं हा डिझाइनचा एक मार्ग झाला.

हे सगळं कळलं की पोस्टाचे नियम उलटे वाचता येतात. अमेरिकेत पत्र किमान ५ इंच लांब असावं लागतं, जाडी पाव इंचाच्या आत, आणि लांबी भागिले उंची १.३ ते २.५ मध्ये. चौकोनी ग्रीटिंगला जादा पैसे पडतात. का? मशीन पाकिटाला लांब कडेवर उभं करून पळवतं, चौकोनी पाकिटाला लांब कड नसतेच, ते कोलांट्या खातं. कडक, दोरी लावलेल्या किंवा बटणाच्या पाकिटांनाही हाच भुर्दंड. नियमाची यादी पाठ करू नका, प्रत्येक आकड्यामागे मशीनचा कुठला भाग उभा आहे ते शोधा.

आपल्याकडचं सांगायचं तर, पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. मुंबईत यांत्रिक सॉर्टिंग केंद्र १९९३ मध्ये आलं, चेन्नईत १९९६ मध्ये. पाकीट जपण्याशी सहा आकड्यांचा संबंध असा की पत्ता एका नजरेत वाचता आला तर पाकीट पुन्हापुन्हा हाताळावं लागत नाही.

आता २००१. अमेरिकेत कोणीतरी अँथ्रॅक्सचे बीजाणू पाकिटात घालून पोस्ट केले. सिनेटरांच्या नावाची पाकिटं वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड सॉर्टिंग केंद्रातून गेली. पाकिटं नीट बंद होती, कडांना टेपसुद्धा लावलेली. बंद पाकिटातून काही बाहेर येणार नाही, हाताळणाऱ्यांना धोका नाही, असा तेव्हा समज होता. काम चालू राहिलं.

मशीनच्या भाषेत ती पाकिटं शाबूत होती. फाटली नाहीत, चुरगळली नाहीत, अडकली नाहीत. पण चिमटीत शिरताना प्रत्येक पाकीट दाबलं जातं आणि आतली हवा बाहेर पडते, भात्यासारखी. बीजाणू साधारण एक मायक्रॉनचा, कागदाच्या तंतूंमधली छिद्रं त्याहून कितीतरी मोठी. कागद न फाटता गाळणीसारखा गळला. त्यात मशीन साफ करायची तेव्हाची पद्धत म्हणजे दाबाची हवा मारून धूळ उडवणं. ब्रेंटवुडमधले दोन कामगार मेले. एकूण २२ जण आजारी पडले, त्यातले ५ वाचले नाहीत. केंद्र २१ ऑक्टोबर २००१ ला बंद झालं आणि क्लोरीन डायऑक्साइडने निर्जंतुक करून डिसेंबर २००३ मध्ये उघडलं.

कोणाचं गणित चुकलेलं नव्हतं. नुकसान म्हणजे कागदाचं नुकसान, एवढीच व्याख्या धरली होती. पाकिटातून काय गळतं हे कोणी मोजतच नव्हतं.

त्यानंतर हवा मारणं बंद करून निर्वात झाडणी आली. तिकीट रद्द करणाऱ्या पहिल्याच मशीनवर हवा ओढून तपासणारं यंत्र बसवलं गेलं, जे त्या हवेत अँथ्रॅक्सचा डीएनए शोधतं. त्याची नळी नेमकी तिथेच असते, जिथे पाकीट पहिल्यांदा चिमटीत दाबलं जातं.