मॅनहोलमध्ये माणूस का उतरतो?

विद्यार्थ्यांच्या ध्यासातून गटार साफ करणारा रोबो आला, अंध व्यक्तींच्या हाती नव्या प्रकारची काठी आली. ही यंत्रं घडली ती नेमका प्रश्न विचारल्यामुळे आणि तो ज्यांचा आहे त्यांचं ऐकल्यामुळे.

नोव्हेंबर २०१५. केरळमधल्या कोळिकोड शहरात मॅनहोल साफ करायला उतरलेले दोन कामगार आतच कोसळले. जवळच असलेला एक रिक्षाचालक त्यांना वाचवायला धावला आणि आत उतरला. तिघांचाही जीव गेला.

अशा दुर्घटनांत एकामागोमाग एक माणसं का दगावतात, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. साचलेल्या सांडपाण्यात प्राणवायू संपला की जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असल्याने खोल, बंद जागेत साठून राहतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आतल्या माणसाला वाटतं, वायू निघून गेला. प्रमाण आणखी वाढलं तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. वर उभ्या असलेल्यांना वायू दिसत नाही, फक्त पडलेला सोबती दिसतो. मग दुसरा उतरतो.

माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलं. २०२३मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. तरीही माणसं उतरतच राहिली, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं त्याच जातींमधली.

कमी होती ती हाताची

गटारं साफ करायला यंत्रं नव्हती असं नाही. जोरदार फवाऱ्याने तुंबलेली वाहिनी मोकळी करणाऱ्या आणि मैला ओढून घेणाऱ्या गाड्या अनेक पालिकांकडे आहेत. पण मॅनहोलच्या तळाशी दगड, विटांचे तुकडे, कपडे, प्लास्टिक आणि घट्ट बसलेला गाळ असतो. तो पाण्याने हलत नाही, पाइपने ओढला जात नाही. तो उचलावा लागतो. माणूस खाली उतरत होता तो या उचलण्यासाठी.

ही गरज भागवली ती केरळमधल्याच चार तरुणांनी. विमल गोविंद, रशीद, निखिल आणि अरुण जॉर्ज हे कुट्टिपुरमच्या एमईएस अभियांत्रिकी महाविद्यालयातले मित्र. शिकत असताना त्यांनी माणसाने अंगावर चढवायचा, त्याचं बळ वाढवणारा यांत्रिक सांगाडा बनवायला घेतला होता. पदवीनंतर ते नोकरीला लागले, पण पुढे नोकऱ्या सोडून त्यांनी ‘जेनरोबोटिक्स’ ही कंपनी उभी केली. राज्य सरकारच्या पाठबळावर २०१८च्या फेब्रुवारीत त्यांचा ‘बँडिकूट’ रोबो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला.

बँडिकूटचा एक भाग मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहतो. दुसरा, हातपाय असलेला भाग आत सोडला जातो. तो पाय पसरून आतल्या भिंतींचा आधार घेतो, यांत्रिक हाताने गाळ बादलीत भरतो आणि बादली वर येते. कॅमेरे आतलं चित्र दाखवतात, संवेदक विषारी वायूंची पातळी सांगतात आणि चालक रस्त्यावर उभा राहून पडद्यावर पाहत हात हलवतो. हा चालक बऱ्याच ठिकाणी तोच सफाई कामगार असतो, जो पूर्वी स्वतः खाली उतरत होता. त्याच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं गेलं हे फार महत्त्वाचं. नाहीतर यंत्राने त्याचा जीव वाचवला असता आणि रोजी मात्र हिरावली असती.

काठीला न कळणारी फांदी

दुसरं उदाहरण आयआयटी दिल्लीचं. पांढरी काठी जमिनीलगतचे अडथळे सांगते: खड्डा, पायरी, दगड. पण झाडाची खाली आलेली फांदी, रस्त्याकडे उघडलेली खिडकी, ट्रकचा मागे आलेला फाळका काठीला लागत नाही; तो थेट छातीवर किंवा कपाळावर आदळतो. ही अडचण अंध व्यक्तींनीच विद्यार्थ्यांसमोर मांडली. प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५च्या सुमारास तिच्यावर काम सुरू केलं.

त्यांनी काठीच्या मुठीवर बसणारं उपकरण केलं. ते माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. तीन मीटरवर अडथळा असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात परततो. त्यावरून अंतर काढून मूठ वेगवेगळ्या तऱ्हेने थरथरते. इशारा आवाजात न देता स्पर्शातून देण्यामागेही विचार आहे: रस्त्यावर चालणाऱ्या अंध माणसासाठी कान हेच डोळे असतात, ते यंत्राने अडवून चालणार नाही.

‘स्मार्टकेन’ बाजारात आली २०१४मध्ये, सुमारे तीन हजार रुपयांना. परदेशी उपकरणं त्याच्या कितीतरी पट महाग होती. अभ्यासक्रमातला प्रकल्प ते दुकानात मिळणारी वस्तू या प्रवासाला जवळजवळ नऊ वर्षं लागली. या काळात अंध वापरकर्त्यांच्या चाचण्या झाल्या, त्यांच्या सूचनांनुसार बदल झाले, उत्पादन करणारी कंपनी जोडली गेली, निधी उभा राहिला.

आपल्या महाविद्यालयांत

महाराष्ट्रातही दरवर्षी हजारो विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतात. मॉडेल चालतं, अहवालाची बांधणी होते, तोंडी परीक्षा पार पडते आणि बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात. मुलांकडे बुद्धी कमी नाही. कमी आहे ती वेळ, सातत्य आणि प्रश्न भोगणाऱ्या माणसांशी गाठभेट. ती घडवता येते, हे आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने दाखवलं आहे. तिथले विद्यार्थी गावांत राहून नळपाणी योजना तपासतात आणि पाणी नेमकं कुठे अडतं ते शोधतात. अशा अभ्यासातून नवं यंत्र निघेलच असं नाही. कधी पाइपचा व्यास किंवा टाकीची उंची बदलणं हाच उपाय असतो, आणि तोही तितकाच मोलाचा.

म्हणून विद्यापीठांनी दोन बदल करावेत. चांगला प्रकल्प एका तुकडीबरोबर संपू नये. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो जिथे थांबला तिथून उचलता यावा आणि त्याचे पूर्ण गुण मिळावेत. आणि तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाबरोबर त्या प्रश्नाशी झगडणारा माणूसही बसावा: सफाई कामगार, अंध प्रवासी, पाणी भरणारी बाई. यंत्र आपल्या कामाचं आहे की नाही, हे सर्वांत अचूक तेच सांगू शकतात. त्यांच्या शब्दाला गुणपत्रिकेत जागा मिळाली, तर विद्यार्थी पहिल्या दिवसापासूनच त्यांच्याकडे जातील.