करंजाच्या बियांचं डिझेल

२००३ साली आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या गोंड वस्तीतल्या बायकांनी जागतिक बँकेला १४७ टन कार्बन डायऑक्साइड विकला, तोही हवेत न सोडलेला! डिझेलऐवजी करंजाचं तेल वापरलं तर दहा वर्षांत एवढा वायू वाचेल, असा हिशेब मांडला होता. त्याचे ६४५ डॉलर बचत गटांच्या हाती आले. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागूनच असलेल्या या मुलखात करंज काही नवा नाही. बी वेचायचं, घाण्यावर तेल काढायचं, पेंड शेतात टाकायची आणि रोपं वाढवायची, एवढ्यावर हा व्यवहार उभा राहिला.

वनस्पती तेलावर इंजिन चालतं हे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनातच दिसलं होतं. तिथे एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कच्चं तेल डिझेलच्या कितीतरी पट दाट असतं. इंजेक्टरमधून त्याचा नीट फवारा उडत नाही, काजळी धरते.

म्हणून ते पातळ करावं लागतं. टाकीत तेल साठ अंशांपर्यंत तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक घालून घुसळायचं, मग स्वस्थ ठेवायचं. काही तासांत काळपट, जड ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर पिवळसर बायोडिझेल तरंगतं. तळाची तोटी उघडून ग्लिसरीन काढून घेतलं, वरचं पाण्यानं धुऊन वाळवलं की इंधन तयार. इतक्या साध्या टाकीत हे घडतं याचं खरोखर नवल वाटतं.

टाकी साधी असली तरी तेलाच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. बी ओलसर राहिलं, पोत्यात गरम झालं, की तेलातलं आम्ल वाढतं. ते दोन टक्क्यांच्या वर गेलं की कॉस्टिक त्याच्याशी जुळतं आणि टाकीत इंधनाऐवजी साबणाचा फेस होतो. थर वेगळे होतच नाहीत. मग आधी सल्फ्युरिक आम्लाची वेगळी प्रक्रिया करा, म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही वाढले. कारखान्याचं नशीब असं अंगणात बी वाळवणाऱ्या बाईच्या हाती असतं, आणि तिच्या मजुरीचा हिशेब मात्र सगळ्यात शेवटी होतो.

सरकारी योजनांची गाडी नेमकी इथेच अडली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं मोगली एरंडावर, म्हणजे जट्रोफावर भिस्त ठेवली आणि एक कोटी हेक्टरांहून अधिक लागवडीचं चित्र रंगवलं. पडीक माळावर हे झाड जगतं खरं, पण पाणी-खताशिवाय भरघोस फळत नाही. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते. पेंड विषारी असल्यानं गुरांना घालता येत नाही. बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही येत राहिल्या. सरकारनं बायोडिझेलला लिटरमागे २६ रुपये ५० पैसे खरेदीभाव जाहीर केला, पण तेवढ्यात बिया, मजुरी आणि मिथेनॉल यांचा मेळ बसेना. अनेक शेतकऱ्यांनी झाडं उपटून टाकली.

२००९ च्या जैवइंधन धोरणानं २०१७ पर्यंत डिझेलमध्ये बायोडिझेलच्या वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं होतं. २०१८ च्या धोरणानं ते २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणलं. प्रत्यक्षात मिश्रण एका टक्क्याच्याही खाली रेंगाळलं, आणि देशातलं बरंचसं बायोडिझेल आज तळणीच्या वापरलेल्या तेलातून, पामतेलाच्या उरलेल्या भागातून बनतं.

तरी करंजाला मोडीत काढू नये. बांधावर, ओढ्याकाठी तो पिकाची जागा न अडवता वाढतो, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, आणि शेळ्या सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. मात्र शेंगा धरायला चार-पाच वर्षं लागतात. तेव्हा रोपं वाटायला येणाऱ्यांनी बियांचा किलोमागचा भाव आणि खरेदीदाराचं नाव शेतकऱ्याला आधी लेखी द्यावं, आणि तेल सर्वांत आधी गावातल्याच पंपाला व पिठाच्या गिरणीला मिळावं.