कार्ल्सबर्ग पर्वतरांगेतील मध्यम भूकंप आणि किल्लारीचा अनुभव : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :
हिंदी महासागराच्या तळाशी साडेपाच ते सहा तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी अधूनमधून वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात येते. 'जीवितहानी नाही, त्सुनामीचा धोका नाही' एवढ्यावरच ती संपते. लातूर जिल्ह्यातील वाचकाला मात्र हा आकडा सहजासहजी ओलांडता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती आणि त्यात आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जवळपास सारख्या तीव्रतेचे दोन भूकंप इतके भिन्न परिणाम का घडवितात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सागरतळावरील पर्वतरांग :
भारतीय भूपट्ट व आफ्रिकेकडील सोमाली भूपट्ट यांची सीमा म्हणजे कार्ल्सबर्ग पर्वतरांग होय. १९२८ ते १९३० या काळातील डॅनिश सागरी मोहिमेला अर्थसाहाय्य करणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानावरून तिला हे नाव मिळाले. येथे दोन्ही भूपट्ट वर्षाला साधारणतः दोन ते तीन सेंटिमीटर या गतीने परस्परांपासून दूर सरकतात. निर्माण होणाऱ्या फटीतून शिलारस वर येतो व थिजून नवा सागरतळ तयार होतो. १९६३ मध्ये व्हाइन व मॅथ्यूज या ब्रिटिश संशोधकांनी याच पर्वतरांगेवरील चुंबकीय नोंदींच्या आधारे सागरतळ विस्तारणाच्या उपपत्तीला महत्त्वाचा आधार दिला. आधुनिक भूविज्ञानाच्या इतिहासात म्हणूनच या रांगेला मानाचे स्थान आहे.

येथील भूकंप मध्यम का असतात?
पर्वतरांगेच्या अक्षाजवळ खडक उष्ण असतो आणि कठीण थराची जाडी अल्प असते. असा खडक फार मोठा ताण साठवून ठेवू शकत नाही. थोडा ताण साचताच तो तुटतो. त्यामुळे अक्षावरील धक्के वारंवार परंतु मध्यम स्वरूपाचे असतात. रांगेला आडवे छेदणाऱ्या विभंगांवर मात्र तुलनेने मोठे भूकंप होऊ शकतात. १५ जुलै २००३ रोजी याच रांगेत सुमारे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा आडव्या विभंगांवर खडक प्रामुख्याने बाजूला सरकतो, सागरतळ फारसा वरखाली होत नाही. साहजिकच मोठी त्सुनामी उद्‌भवत नाही. याउलट २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपात एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असताना तळ उचलला गेला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या.

किल्लारीशी तुलना :
तीव्रतेचा एक अंक वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या हिशेबाने ५.५ तीव्रतेच्या सागरी धक्क्यापेक्षा किल्लारीच्या भूकंपाची ऊर्जा अकरा पटींच्या आसपास होती. तथापि हा फरक विनाशाचे संपूर्ण स्पष्टीकरण देत नाही. किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा २००३ चा भूकंपही मराठवाड्याच्या लक्षात राहिला नाही. दोन्ही ठिकाणचे भूकंप उथळच होते. खरा फरक अंतराचा होता व घरांचा होता. कार्ल्सबर्ग रांग लातूरपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथील लहरी येथे पोहोचेपर्यंत केवळ कंपमापकालाच जाणवतात. किल्लारीत मात्र विभंग गावाच्या पायाखालीच होता. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे वजनदार माळवद, अशी घरे गणेश विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेल्या माणसांवर कोसळली.

या दोन घटनांमध्ये एक दूरचे नातेही आहे. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे सरकत असून हिमालयापाशी तो अडला आहे. मागून सागरी पर्वतरांगेचा रेटा आणि पुढून हिमालयाचा अडसर, यांमुळे भूपट्टाच्या अंतर्भागात दाब साचतो व बेसॉल्टखालील जुन्या दुर्बल विभंगांवर तो कधीतरी मोकळा होतो. एखाद्या सागरी धक्क्यामुळे मराठवाड्यात भूकंप होतो, असा याचा अर्थ नव्हे; दीर्घकालीन दाबाचा उगम समजून घेणे एवढाच त्याचा आशय आहे.

जळकोट परिसरासाठी बोध :
१९९३ पूर्वी लातूर परिसर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या भारतीय मानकात हे पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात आले. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. जळकोट तालुका या दोन अनुभवांच्या मधल्या प्रदेशात वसलेला आहे. दगडमातीच्या जुन्या घरांवरील मातीचा भार कमी करणे, भिंतींचे कोपरे सांधणे, जोत्याच्या, दारांच्या व छताच्या पातळीवर सलग पट्टे देणे हे उपाय खर्चाच्या मानाने मोठे संरक्षण देणारे आहेत.

निष्कर्ष :
भूकंपाची तीव्रता खडकात ठरते. हानी मात्र अंतर, भूस्तर आणि बांधकाम यांवर ठरते. यांपैकी पहिल्या दोन बाबींवर माणसाचे नियंत्रण नाही. तिसरी बाब मात्र गवंड्याच्या ओळंब्यापासून ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवानगीपर्यंत सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. दूरच्या सागरी भूकंपाची बातमी वाचताना आपल्या घराच्या भिंतीकडे एकदा पाहावे, एवढा बोध किल्लारीने मराठवाड्याला फार मोठी किंमत घेऊन दिला आहे.