टाकीचा धनी

भोर तालुक्यातील मौजे भोंगवलीच्या शिवारात विहीर खणणाऱ्यास जो खडक लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरांमागून थर पसरत गेलेल्या लाव्ह्याचा. परंतु हे थर एकजात नव्हेत. एक घट्ट, सूक्ष्मकणी काळा पाषाण, तर दुसरा सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या. ज्याचे खडे दळताना सुटून पिठात मिसळावयाचे, असा दगड जात्याच्या कामाचा नव्हे, हे पाथरवटास भूगर्भशास्त्राचा ग्रंथ न उघडताही ठाऊक असते. म्हणून तो सुतकीचा हलका ठोका देऊन पाहतो आणि नाद खणखणीत आला तरच छिन्नी लावतो, कारण बद्द आवाज म्हणजे पोटात लपलेली चीर.

या पाषाणाचा गुण तोच त्याचा दोष. कण बारीक असल्यामुळे जात्याची वरची पाळू खालच्या पाळूवर फिरता फिरता दोन्ही गुळगुळीत होतात आणि मग मूठमूठ वैरलेले धान्य भरडले न जाता नुसते घरंगळते. अशा वेळी टाकीने पृष्ठभागावर बारीक टिचे मारून त्याला पुन्हा खरखरीतपणा आणावा लागे. जाते एकदा विकत घ्यावयाचे, टाकी मात्र वारंवार लावावयाची. तेव्हा कारागिराचा चरितार्थ दगडाच्या टिकाऊपणापेक्षा त्याच्या झिजण्यावरच अधिक चालत असे, असे म्हणावयास हरकत नाही. टाकी लावल्यानंतरचे पहिले दळण कचकचीत, म्हणून ते जनावरांपुढे जाई.

हे काम करणारे वडार व पाथरवट गावोगाव हिंडत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाड्या’त फिरस्त्यांना वेगळे प्रकरण दिले आहे, त्यावरून गावाच्या हिशेबात त्यांची जागा कळते: हक्काचे बलुते नाही, वतन नाही. आणि तरीही पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा हवा, लग्नघरी हळद दळावयास जाते हवे! वस्तू देव्हाऱ्यापर्यंत पोचली, ती घडविणारा शिवेवरच्या पालात राहिला. याला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही.

गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची संख्या एक लाखावर गेली असून गाणारीचे नाव व गाव त्या दप्तरी नोंदलेले आहे. हे कार्य थोरच. परंतु ज्या दगडाच्या घरघरीवर त्या ओव्या रचल्या गेल्या, त्यावर तो घडविणाराचे नाव कोरण्याची रीत कधी नव्हती.

पुढे पिठाच्या गिरणीने जाते बसविले आणि मिक्सरने पाट्याला कोपऱ्यात ढकलले. खलबत्ता तेवढा तगून आहे, कारण आले-लसूण ठेचण्यास त्याला टाकीची फारशी गरज पडत नाही. महामार्गांच्या कडेला अजून पाटे मांडलेले दिसतात. त्यांत यंत्राने कापलेलेही पुष्कळ. त्यांची कड रेखीव, अंग मात्र सपाट व निसरडे असते. असा पाटा पसंत पडल्यास घेणाऱ्याने विकणाऱ्याकडूनच, समोर उभे राहून, त्याला टाकी मारून घ्यावी. पुढे दारावर आरोळी देत कोणी येईल, या भरवशावर राहू नये.