दार उघडले की सभासद वाढतात

फ्रीमेसनरी या बंधुभावाच्या संघटनेत सभासद कसे वाढतात, याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या इंग्रजांच्या लॉजने (स्थानिक शाखेने) प्रवेश नाकारला; त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. पुढे 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना सामावून घेणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढले. 1961 मध्ये ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही भारताची स्वतंत्र मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. ही संघटना इथे रुजली ती दार रुंद केल्यामुळेच.

आज ठाणे, कल्याण-डोंबिवलीत सभासद वाढण्यात अडसर आहे तो अंतराचा आणि अपरिचयाचा. रोज लोकलने जा-ये करणाऱ्याला संध्याकाळच्या सभेसाठी मुंबईच्या फोर्ट भागात थांबणे जड जाते. म्हणून सभा घराजवळ हवी आणि रक्तदान, शिष्यवृत्ती अशी कामे संस्थेच्या नावाने, उघडपणे व्हायला हवीत. यावर आक्षेप असा, की गुप्तता गेली तर संघटनेचा आत्माच जाईल. शिवाय इच्छुकाने स्वतःहून विचारावे, हीच जुनी रीत आहे. पण ज्याला संस्था ठाऊकच नाही, तो विचारणार तरी कसा? डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा रस्त्यावर आणली, म्हणून गाभाऱ्याचे पावित्र्य उणावले नाही. उलट सारे शहर तिच्याशी जोडले गेले. विधी आत राहोत, सेवा मात्र लोकांना दिसली पाहिजे. विश्वास बसला की सभासद आपोआप येतील.