विजेचे दर आणि आपली हरकत

विजेचे बिल आले की डोंबिवलीच्या चाळीपासून मुरबाड-शहापूरच्या वाडीपर्यंत एकच बोलणे कानी येते, 'दर पुन्हा वाढले!' कुरकुर सगळेच करतात. पण दर कशाने वाढतात आणि त्याला हरकत कशी घ्यायची, हे थोडे समजून घेऊ या.

एके काळी आपल्याच भागात कोळसा जळत असे. ठाकुर्लीजवळ चोळा येथे १९२९ साली रेल्वेचे औष्णिक वीजघर उभे राहिले. त्याच्या विजेवर आगगाड्या धावत. ते बंद पडून बरीच वर्षे झाली. आता कोळसा जळतो चंद्रपूरला, आणि तिथली वीज सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या तारांवरून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पोचते. म्हणजे धूर तिकडच्या लोकांच्या वाट्याला आणि बिल आपल्या!

एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. कोळसा महागला, त्याचे रेल्वेभाडे वाढले किंवा दगडमाती मिसळलेला हलका माल आला, की युनिटमागचा खर्च चढतो. तो बिलात 'इंधन समायोजन आकार' म्हणून उतरतो. वीज शुल्क टक्क्यांनी मोजतात, म्हणून त्याच्याबरोबर तेही वाढते.

दुसरा खर्च वीजघराच्या भांडवलाचा आणि कर्जाचा. करार तसा असेल तर वीज घेतली नाही तरी तो द्यावाच लागतो. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात हेच झाले. १९९९ साली तिथली वीज सुरू झाली. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरचा. तेल चढले, रुपया घसरला आणि वीज मंडळाला ती वीज परवडेना. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. करार होताना जो प्रश्न विचारायचा, तो बिल आल्यावर विचारून काय उपयोग?

प्रश्न विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे वीज कंपनीला दराचा अर्ज राज्य विद्युत नियामक आयोगाकडे करावा लागतो, त्याचा सारांश प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची 'प्रयास', ठाणे-बेलापूरच्या कारखानदारांची संघटना यांनी तिथे ग्राहकांची बाजू मांडली आहे. तसा साध्या ग्राहकालाही अर्ज करता येतो.

मात्र 'परवडत नाही' एवढेच लिहून भागत नाही. नेमके विचारावे. खाणीवर कोळशाची प्रत कोणती होती आणि वीजघरात कोणती भरली? बंद संचांचा स्थिर खर्च आमच्यावर किती? गळती आणि चोरी किती, आणि तिचा भार प्रामाणिक ग्राहकाने का सोसावा? इंधनाचा आकार पुढे सूत्रानेच लागत जातो, तेव्हा सूत्र आणि मूळ दर ठरतानाच बोललेले बरे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांना घरचे बिल वर्गात आणायला सांगा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी बेरीज फळ्यावर मांडा. गणिताचा तासही होईल, आणि पुढच्या वेळी दराची जाहिरात वर्तमानपत्रात आली म्हणजे गावात ती वाचून दाखवणारे कुणीतरी तयार असेल.