मुंबई उपनगरातील गावठाणांमधील लाकडी घरे

मुंबई उपनगर जिल्ह्यातील जुन्या गावठाणांत, विशेषतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत, लाकडी सांगाड्यावर उभी असलेली कौलारू घरे आढळतात. अंधेरीतील आंबोली व मरोळ आणि वांद्र्यातील पाली ही अशी काही गावठाणे होत.

== पार्श्वभूमी ==
साष्टी बेटावरील ही गावे १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीज अमलाखाली आली. पुढे ती मराठ्यांकडे व १७७४ नंतर इंग्रजांकडे गेली. येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले.

== रचना ==
या घरांचा भार भिंतींवर नसून सांगाड्यावर असतो. दगडी जोत्यावर तळखडे बसवून त्यांवर सागवानी खांब उभे करतात. खांबांवर तुळया, तुळयांवर माळ्याची तक्तपोशी आणि सर्वांत वर आढे, वासे, रिपा व कौले असा क्रम असतो. लाकडांचे सांधे खाच व कुसू यांनी जोडलेले असतात. खांबांमधील जागा कुडाने किंवा विटांनी भरतात. त्यामुळे सांगाड्याला धक्का न लावता भिंत बदलता येते.

इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी मद्यगृहेही याच तत्त्वावर बांधलेली आहेत. तेथे ओकच्या चौकटीतील मोकळी जागा काठ्यांच्या विणीने व मातीच्या लेपाने भरत. मुंबईत मात्र वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असल्याने उतरते छप्पर भिंतींच्या बरेच बाहेर काढून पुढे ओटा किंवा पडवी ठेवतात. मंगळूर येथे १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौलांचा प्रसार झाला. माळ्यावर जाणारा जिना पुष्कळदा बाहेरून असल्याने एकाच घरात दोन बिऱ्हाडे स्वतंत्रपणे राहू शकतात.

== संवर्धन ==
ओल व वाळवी हे या घरांचे मुख्य शत्रू आहेत. खांबाचा कुजलेला पाया कापून तेथे नवे लाकूड सांधता येते. संपूर्ण घर पाडावे लागत नाही. खांबांना सिमेंटचा गिलावा दिल्यास मात्र ओल आत अडकून कूज वाढते आणि ती बाहेरून दिसत नाही. जुने सागवान महाग, सांधे जुळवणारे सुतार कमी आणि मालकी अनेक वारसांत विभागलेली, यांमुळे दुरुस्ती लांबते. त्यातच जमिनीचे भाव वाढल्याने अशा अनेक घरांच्या जागी काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत.